साठ तासांच्या आधी आणि नंतर

दरवर्षी २६ नोव्हेंबरला आमच्या निवासी विद्यालयाच्या परिपाठात संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते आणि त्यानंतर मुंबई हल्ल्यातील मृतांना उभे राहून आदरांजली वाहिली जाते. १९४९ आणि २००८ ही दोन वर्षे एकाच तारखेवर अशी शेजारी आली आहेत. एके वर्षी आदरांजली संपल्यावर इंदापूर तालुक्यातील नववीच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, एवढी मोठी फौज आहे आपली. एकदाच घुसून सगळं संपवून का टाकत नाहीत?" हा मुलगा सैन्यभरतीचे स्वप्न घेऊन पहाटे कालव्याच्या भरावावर धावणारा. बारामती-इंदापूरच्या गावोगावी अशी मुले आहेत. त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. आम्ही त्या दिवशी दिलेले उत्तर मात्र अपुरे होते. म्हणून हा पाठ.

प्रथम बळाने काय साधले ते मान्य केले पाहिजे. कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी १६६ माणसे मारली. सुमारे साठ तास मुंबई वेठीस धरली गेली. त्या वेळी राष्ट्रीय सुरक्षा दलाचे जवान आले नसते, तर ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमध्ये अडकलेले शेकडो लोक वाचले नसते. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंग यांनी त्यासाठी प्राण दिले. बळ सर्वथा त्याज्य आहे असे आम्ही विद्यार्थ्यांना कधीही शिकवत नाही. वैशालीच्या सिंह सेनापतीशी झालेल्या बुद्धांच्या संवादाचा आधार घेऊन बाबासाहेबांनीही हेच स्पष्ट केले आहे की, न्यायाला आवश्यक असेल तेथे बळाचा वापर बुद्धांनी निषिद्ध मानला नाही.

परंतु या साठ तासांत हल्लेखोरांच्या कानाशी सतत एक फोन होता. पलीकडून सूचना येत होत्या. जिवंत पकडले जाऊ नका, असे बजावले जात होते. कमांडोंची गोळी ताजच्या खोलीतील माणसापर्यंत पोहोचली, फोनच्या पलीकडच्या आवाजापर्यंत नाही. नऊ हल्लेखोर मारले गेले; तथापि पंधरा महिनेही उलटले नव्हते, तोच फेब्रुवारी २०१० मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जण मृत्युमुखी पडले.

त्या फोनवरील आवाजांपैकी एक आपल्या बीड जिल्ह्यातील तरुणाचा होता, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. शिक्षक म्हणून आम्हांस ही बाब सर्वाधिक अस्वस्थ करते. आपल्याच राज्यात वाढलेल्या मुलापर्यंत तो विखार पोहोचत होता, त्या वेळी तेथे कोणती फौज पाठवावयाची होती? २०१२ मध्ये तो सौदी अरेबियातून भारतात आणला गेला, तोही लढाई करून नव्हे. चिकाटीचा तपास आणि दोन सरकारांमधील सहकार्य यांमुळे.

जगाचा अनुभव याहून निराळा नाही. मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या दोन विशाल बुद्धमूर्ती उद्ध्वस्त केल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने अफगाणिस्तानात युद्ध सुरू केले. जगातील सर्वांत बलाढ्य सैन्य तेथे वीस वर्षे होते, आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी तेच तालिबान काबूलमध्ये परतले. रँड या अमेरिकी संस्थेने १९६८ ते २००६ या काळातील ६४८ दहशतवादी संघटनांचा अभ्यास केला होता. ज्या संघटना संपुष्टात आल्या, त्यांपैकी लष्करी बळाने संपलेल्या केवळ ७ टक्के. पोलीस व गुप्तवार्ता यंत्रणांमुळे संपलेल्या ४० टक्के. राजकीय मार्गाने संपलेल्या ४३ टक्के होत्या, पण धर्माच्या नावाने लढणाऱ्या संघटना या मार्गावर क्वचितच येतात. म्हणजे पोलीस, न्यायालय आणि समाज एवढेच उरते.

गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त काठी होती. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या या माणसाने कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, आणि आरोपी जिवंत हाती लागला. या एका कृतीमुळे पुढचे सारे घडू शकले. कसाब आपला नागरिक असल्याचे पाकिस्तानला जानेवारी २००९ मध्ये मान्य करावे लागले. आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयात सहाशेहून अधिक साक्षीदारांची साक्ष झाली. ज्या न्यायालयाने मे २०१० मध्ये कसाबला दोषी ठरवले, त्याच न्यायालयाने त्याच दिवशी दोन भारतीय सहआरोपींना पुराव्याअभावी सोडून दिले. बंदुकीला असा भेद करता येत नाही.

कायद्याचा हातही चुकतो, हे लपवण्याचे कारण नाही. मालेगावच्या २००६ मधील स्फोटानंतर पकडलेले मुस्लिम तरुण पाच वर्षे तुरुंगात होते. २०१६ मध्ये ते आरोपमुक्त झाले. मालेगावच्याच २००८ मधील स्फोटाचा तपास करणारे हेमंत करकरे २६ नोव्हेंबरच्या रात्री शहीद झाले, आणि त्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. म्हणजे मृतांच्या नातलगांना दोन्ही वेळा अपराधी कोण, हे कळलेच नाही. निरपराध मनुष्य पकडला की त्याचा मोहल्ला पोलिसांशी बोलणे थांबवतो, आणि खऱ्या गुन्हेगाराला आडोसा मिळतो.

आता जे सांगावयाचे ते त्या दिवशी आम्ही वर्गात सांगितलेच नव्हते. ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांच्या दफनाचा प्रश्न आला, तेव्हा मरीन लाइन्सचे बडा कब्रस्तान सांभाळणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने जागा देण्यास नकार दिला. निरपराधांना मारणारे मुस्लिम असूच शकत नाहीत, ही त्यांची भूमिका. इतर मुस्लिम संस्थाही त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मृतांमध्ये मुस्लिम नागरिकही होतेच. हल्लेखोरांना पाठवणाऱ्यांनी शहादतीचे आश्वासन दिले होते. ते खोटे ठरवण्याचा अधिकार ना कमांडोंना होता, ना न्यायाधीशांना. तो त्या धर्माच्या सामान्य अनुयायांना होता, आणि त्यांनी तो कोणाच्याही आदेशाविना बजावला. नऊ मृतदेह वर्षाहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिले. जानेवारी २०१० मध्ये शासनाने ते अज्ञात ठिकाणी गुपचूप पुरले.