सही करण्यापूर्वी विचारा

"डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं" हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येते. त्यात विश्वास असतो, आणि तो असावाच. पण ऑपरेशनच्या संमतिपत्रावरही बहुतेक जण न वाचताच सही करतात. पुष्कळदा सही नवऱ्याची असते, आणि जिचे ऑपरेशन व्हायचे ती बाकावर गप्प बसलेली असते.

गर्भपिशवी काढण्याचेच उदाहरण घेऊ. अंगावरून पांढरे जाते, पाळीत रक्तस्राव फार होतो, कंबर दुखते, अशा तक्रारी घेऊन बाई येते. सोनोग्राफीत 'पिशवीला सूज' किंवा लहानशी गाठ निघते. "काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल," असे कोणीतरी सांगते आणि आठवड्याच्या आत ऑपरेशन उरकते. वस्तुतः पांढरे जाण्याचे कारण पुष्कळदा साधा जंतुसंसर्ग असतो व तो औषधाने बरा होतो. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत; तांबीसारखे गर्भाशयात बसवायचे, हॉर्मोन सोडणारे साधनही आहे. फायब्रॉइडच्या गाठी जवळजवळ नेहमीच साध्या असतात आणि पाळी गेल्यावर सहसा आकसतात. काहींना ऑपरेशन खरोखरच लागते, पण आजच्या आज असे क्वचितच. पाळी जाण्याआधी पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर अंगातून वाफा येतात, हाडे लवकर ठिसूळ होतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या अशा ऑपरेशनांच्या चौकशीसाठी २०१९ साली राज्य शासनाला समिती नेमावी लागली, हे वाचकांना आठवत असेल.

मग संमती कोणाची? दिल्लीतील ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री १९९५ मध्ये दुर्बिणीच्या तपासणीसाठी गेली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला, की रुग्ण सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. म्हणून आईची संमती चालणार नाही. तपासणीला दिलेला होकार हा उपचाराला दिलेला होकार नव्हे. तिला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. गेलेले अवयव काही परत आले नाहीत.

तेव्हा सहीआधी विचारावे: मला नेमके काय झाले आहे? ऑपरेशन केले नाही तर काय होईल? दुसरा उपाय कोणता? काय काय काढणार? खर्च किती? जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र प्रश्नांत वेळ घालवू नये. एरवी चार दिवस मागून घ्यावेत आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. डॉक्टर रागावतील ही भीती अगदीच खोटी नाही. गर्दीच्या वेळी मीही रागावलो आहे. तरी विचारावे.

दुसरीकडे जाताना कागद लागतात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत त्याच्या नोंदी द्याव्या लागतात. अर्ज लेखी करावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. सोनोग्राफीचा रिपोर्ट घडी घालून उशीखाली ठेवू नका, पिशवीत नीट ठेवा. पुढच्या डॉक्टरांना तोच आधी पाहायचा असतो.