शिंका आणि फुलपुडी

गणपती उठले की दसऱ्यापर्यंत पुण्यात माझे हाल असतात. पहाटे सटासट शिंका, डोळ्यांना खाज, टाळूला खवखव, दुपारपर्यंत डोकं जड. सर्दी समजून बरीच वर्षं काढे आणि वाफारे झाले. मग एका दसऱ्याला झेंडूची तोरणं ओवताना डोळे सुजून बंद झाले आणि रात्री छातीत घरघर सुरू झाली. त्यानंतर घरच्यांनी फुलांवरच बंदी घातली. दारावरची फुलपुडी थांबली, देवाला प्लॅस्टिकचे हार आले. शिंका मात्र पुढच्या वर्षीही तशाच राहिल्या. हे मुद्दाम सांगते, कारण ‘फुलं बंद करा’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो.

आपल्याला शिंकायला लावणारे पराग बहुतेक वेळा वाऱ्यावर आलेले असतात, आणि ते सोडण्यात गवत आघाडीवर. गवताच्या तुऱ्याला ना रंग ना वास. त्याला कीटकांची गरज नाही, म्हणून ते हलके, कोरडे पराग हवेत सोडून देतं. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅक्ली यांना स्वतःलाच हा त्रास होता. त्यांनी स्वतःवर प्रयोग केले आणि 1873 मध्ये परागांचा दोष पुराव्यानिशी मांडला. गुलाब-जास्वंदीचे पराग जड आणि चिकट असतात, कीटकांच्या नाहीतर पाखरांच्या अंगाला लागून जाणारे. टेबलावरच्या फुलदाणीतून उडून ते सहसा नाकात शिरत नाहीत.

मग झेंडूनं माझे डोळे का सुजले? याचा उलगडा हातावर टोचून केलेल्या ॲलर्जीच्या चाचणीत झाला. त्वचेवर निरनिराळ्या परागांच्या अर्काचे थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि 15-20 मिनिटांत निकाल दिसतो. माझ्या हातावर गाजर गवताच्या थेंबाखाली मोठी गांध उठली. 1950च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं आणि मग देशभर फोफावलेलं हे तण झेंडू, शेवंती, ॲस्टर, जरबेरा, सूर्यफूल यांचं सख्खं भावंड आहे. ज्यांना गाजर गवत सोसत नाही, त्यांना या फुलांचाही त्रास होऊ शकतो. त्यात पावसाळा सरताना मोकळ्या जागांवर गवत फुललेलं असतं, नाक आधीच चिडलेलं असतं, आणि नेमका तेव्हाच घरोघरी झेंडूचा ढीग येतो.

आता आमच्या घरी फुलं परत आली आहेत. रोजच्या पुडीत गुलाब आणि जास्वंद. फुलदाणीत डच गुलाब, कार्नेशन, कधी ऑर्किड. भरगच्च पाकळ्यांच्या फुलांत पुष्कळदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पराग कमी. ऑर्किडचे पराग तर चिकट गोळ्यांच्या रूपात असतात, ते उडतच नाहीत. लिली आवडत असेल तर कळी उमलताच, परागकोश फुटायच्या आत, ते चिमटीनं काढून टाका. (घरात मांजर असेल तर लिली आणूच नका, तिच्या परागांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.) झेंडूचं तोरण अजूनही लागतं, पण ते दाराबाहेर, आणि ओवायचं काम दुसऱ्या कुणाचं.

गौरी-गणपतीत दोन गोष्टी सांभाळा. दूर्वा हे गवतच आहे, म्हणून तुरे आलेल्या काड्या नकोत, कोवळ्या दूर्वा घ्या. पूजेलाही त्याच लागतात. दुसरा केवडा. सुवासाचं कणीस नर झाडाचं असतं आणि त्याचे पराग वाऱ्यानं पसरणारे, पिठासारखे. ते घरात उलगडू नका.

निशिगंध-मोगऱ्याचं प्रकरण वेगळं. तिथं परागांपेक्षा उग्र वासानं नाक चुरचुरतं. ही फुलं निजायच्या खोलीत न ठेवता बैठकीत, खिडकीजवळ ठेवली की मला पुरतं.

फुलदाणीच्या पाण्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. कुजलेल्या देठांवर आणि दोन दिवस पडून राहिलेल्या निर्माल्यावर बुरशी धरते, आणि बुरशीही शिंका आणते. पाणी रोज बदला, पाण्यात बुडणारी पानं काढा, देठ तिरके कापा, निर्माल्य त्याच दिवशी घराबाहेर काढा.

औषधांबाबत एवढंच सांगते, की नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेचा पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. म्हणून डॉक्टरांना विचारून तो मोसम सुरू व्हायच्या आधीच घ्यायला लागा. चाचणीपूर्वी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात, तेही त्यांच्याच सल्ल्यानं.

घरात कुणी शिंकत असेल तर आधी चाचणी करून घ्या आणि ज्या फुलानं त्रास होतो तेवढंच बंद करा. छातीत घरघर होत असेल किंवा दम लागत असेल तर मात्र फुलांचा विचार नंतर. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.