पाटी वाचून इंजेक्शन घेऊ नका

परंडा-भूमकडं शौचाला रक्त पडलं की घरचे म्हणतात, उष्णता झाली, ताक पी. मीही तेच करत होतो. दुखत नव्हतं, शेवटी ताजं लाल रक्त थेंबथेंब पडायचं एवढंच. पुढं कोंब बाहेर यायला लागला, बोटानं आत सारावा लागे. एका पाहुण्यानं मला आठवडी बाजारात ‘मूळव्याध, भगंदर’ अशी पाटी लावून बसलेल्या माणसाकडं नेलं. त्यानं इंजेक्शन दिलं, पण सिरिंजमध्ये काय आहे हे सांगितलं नाही. जागा सुजली, पू झाला, थंडी वाजून ताप आला. जखम भरली, पण गुदद्वार आवळलं गेलं. ते मोकळं करायला शस्त्रक्रिया लागली.

सर्जननं बोटानं आणि लहान नळीतून केलेली तपासणी काही मिनिटांत उरकते. मूळव्याधीच्या चार पायऱ्या असतात. सुरुवातीच्या मूळव्याधीला बहुधा खाणंपिणं सुधारून आणि औषधानं आराम पडतो. पुढच्या पायरीवर कोंबाच्या मुळाशी रबराचं कडं बसवतात. तिथं वेदनेच्या नसा जवळजवळ नसतात, त्यामुळं भूल लागत नाही; कोंब सुकून साधारण आठवड्याभरात गळतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगाच. चौथीला सहसा ऑपरेशन. सुश्रुतानंही औषध, क्षार, अग्नी, शस्त्र असे चार उपाय सांगितलेत. आयुर्वेदच हवा असेल तर धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्या शल्यतंत्र विभागात जा.

आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरचं पाणी, त्यामुळं माणूस पितोच कमी. नुसती भाकरी-ठेचा खाऊन मळ खडा होतो. ताटात मेथी, शेपू, मटकी असू द्या. इसबगोल भरपूर पाण्यासोबतच घ्या, कमी पाण्यात तो घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. कुंथू नका, मोबाइल घेऊन बसू नका. ठणका असेल तर टबात कोमट पाण्यात 10-15 मिनिटं बसा.

पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदा रक्त दिसलं, वजन उतरलं, शौचाची सवय बदलली किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर दुर्बिणीनं आतडं तपासून घ्या. त्या कॅन्सरमध्येही असंच रक्त पडतं. काळा डांबरासारखा मळ, चक्कर किंवा तापासह ठणका असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बायका तर बाळंतपणापासूनचा त्रास वर्षानुवर्षं अंगावर काढतात. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर खोलीत दुसरी स्त्री हजर असावी, हा रुग्णहक्कांच्या सनदेतला हक्क आहे. तो मागा.