नगराचे अंगण

घराला अंगण असते. सकाळी त्या अंगणात आजी तुळशीला पाणी घालते, आजोबा कोवळ्या उन्हात बसतात, दुपारी आई पापडांचे वाळवण पसरते आणि संध्याकाळी मुले लंगडीचा डाव मांडतात. वाळवण पसरलेले असेल, तर मुले चेंडू घेऊन परसात जातात. खेळाची वेळ झाली, की आई वाळवण उचलून घेते. ही देवघेव कोणी कागदावर लिहून ठेवलेली नसते. परंतु ती मोडली, तर त्याच दिवशी घरात भांडण होते.

खेड्यात अशीच एक जागा साऱ्या गावाची असते. पिंपळाचा पार, देवळाचे पटांगण किंवा चावडीपुढील मोकळे मैदान ही गावाची अंगणेच होत. तेथे भजन रंगते, कुस्त्यांचा फड भरतो, जत्रेची दुकाने मांडली जातात. शहराची गोष्ट निराळी. तेथे घरे एकावर एक चढलेली. स्वतःचे अंगण फार थोड्यांच्या वाट्याला येते. म्हणून जे घराला जमत नाही, ते नगराला करावे लागते. साऱ्या नगराने मिळून राखलेले अंगण म्हणजे सार्वजनिक उद्यान. अशाच एका उद्यानाची ही हकीकत आहे. मुंबईत दादरला ते आहे आणि लोक त्याला ‘शिवाजी पार्क’ म्हणून ओळखतात.

1896 साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. दाटीवाटीच्या वस्त्यांत, जेथे सूर्याचा किरणही शिरत नसे अशा कोंदट खोल्यांत, माणसे पटापट मृत्युमुखी पडली. हजारो लोक शहर सोडून गेले. पुढे 1898 साली नगरसुधारणेसाठी एक विश्वस्त मंडळ स्थापन झाले. रुंद रस्ते आखावेत, घरांत वारा खेळावा, वस्तीच्या मधोमध मोकळी जागा असावी, असे विचार या काळात दृढ झाले. शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याच्या बाजूस नव्या वसाहती उभ्या राहू लागल्या. मोकळी जागा ही श्रीमंतांची हौस नसून ती आरोग्याची गरज आहे, हे मुंबईला फार मोठी किंमत मोजून कळले होते.

याच काळात, 1925 साली, मुंबई महापालिकेने समुद्राजवळचे एक विस्तीर्ण मैदान लोकांसाठी खुले केले. प्रारंभी त्याचे नाव ‘माहीम पार्क’ असे होते. त्या वेळी महापालिकेत अवंतिकाबाई गोखले या नगरसेविका होत्या. चंपारण्यात महात्मा गांधींबरोबर राहून त्यांनी खेड्यातील मुलांना शिकविले होते. गांधीजींचे मराठी चरित्रही लिहिले होते. त्यांनी आग्रह धरला आणि 1927 साली मैदानाला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. 1966 साली तेथे महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. तुम्ही तो पाहाल तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाराजांच्या हातात उपसलेली तलवार नाही; त्यांनी आपला हात पुढे केला आहे. जणू ते साऱ्यांना वाट दाखवीत आहेत.

हे मैदान सुमारे 28 एकरांचे आहे. त्याच्या सभोवती दगडी बांधाचा एक बुटका कट्टा आहे. कट्ट्यावरून मैदानाला एक फेरी घातली, की सुमारे 1200 मीटर चालणे होते. कट्ट्याच्या कडेने पर्जन्यवृक्षांच्या रांगा आहेत आणि त्यांच्या फांद्यांची छत्री रस्त्यावर पसरलेली असते. कट्टा म्हणजे मैदानाची सीमा. पण ती इतकी बुटकी, की कोणासही अडवीत नाही. उलट ती येणाऱ्याला म्हणते, “बसा, क्षणभर विसावा घ्या.”

आता या अंगणातील एक दिवस पाहू. पहाट फुटते न फुटते तोच फिरायला येणाऱ्यांची पावले वाजू लागतात. कोणी झपाझप चालतो, कोणी काठी टेकीत सावकाश पुढे सरकतो. एका बाजूस समर्थ व्यायाम मंदिरात मुलेमुली मल्लखांबाभोवती गोळा होतात. तेल लावलेल्या गुळगुळीत खांबावर मुलगा सरसर चढतो, टोकावर पोटाच्या आधाराने आडवा होतो आणि हातपाय पसरून पक्ष्यासारखा स्थिर राहतो. मुली दोरीच्या मल्लखांबावर आसने करतात. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांनाही येथे ही विद्या शिकविण्यात आली आहे. दोरीचा स्पर्श हेच त्यांचे डोळे! 2019 साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली, तेव्हा परदेशांतील खेळाडूही ही मराठी मातीतील कसरत करून दाखविण्यासाठी आले होते.

सूर्य वर येतो तशी क्रिकेटची जाळी भरू लागतात. या मैदानावर रमाकांत आचरेकर सरांनी वर्षानुवर्षे मुलांना क्रिकेट शिकविले. सचिन तेंडुलकर त्यांचाच विद्यार्थी. शाळकरी सचिन सराव करून थकू लागला, की सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याला ते नाणे मिळे. कोणालाच ते साधले नाही, तर नाणे सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने मिळविली आणि पुढे जगातील मोठमोठे मान मिळाल्यावरही ती जपून ठेवली. 2024 साली सरांचे स्मारक याच मैदानावर उभे राहिले. सराव करणाऱ्या मुलांना जाता-येता ते दिसते.

या मैदानावर एक विलक्षण दृश्य नेहमी दिसते. एकाच वेळी अनेक संघांचे सामने चालू असतात. एका सामन्यातील क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. नवख्याला वाटते, येथे सारा गोंधळ माजला आहे. पण खेळाडूंना आपला चेंडू आणि दुसऱ्याचा चेंडू बरोबर ओळखता येतो. दुसऱ्याचा चेंडू आपल्याकडे आला, तर तो अडवून परत फेकायचा, हा तेथील अलिखित नियम आहे.

संध्याकाळी मैदानाचे रूप पालटते. लहान मुले बालोद्यानात झोपाळ्यांवर झुलतात. कट्ट्यावर ठिकठिकाणी मैफली जमतात. कोणी परीक्षेची चर्चा करतो, कोणी कालच्या नाटकाची. कोणी नुसताच समुद्राकडून येणारा वारा अंगावर घेत बसतो. या साऱ्यांना तेथे बसण्यासाठी तिकीट काढावे लागत नाही. हातगाडी ओढून दमलेला माणूस आणि मोठ्या कचेरीतील अधिकारी एकाच दगडावर शेजारी बसू शकतात, हे सार्वजनिक उद्यानाचे खरे वैभव होय.

दिवसाचे जसे, तसेच वर्षाचे. 26 जानेवारीला आणि 1 मे रोजी येथे तिरंग्याला मानवंदना दिली जाते आणि शिस्तबद्ध संचलन होते. शरद ऋतूत बंगाल क्लबची दुर्गापूजा येथे होते. मग मैदानाच्या एका कोपऱ्यात ढाक वाजू लागतो, बंगाली बोल कानी पडतात आणि मराठी, गुजराती, तमिळ बोलणारी कुटुंबेही देवीच्या दर्शनाला येतात. आपले घर सोडून दूर मुंबईत आलेल्या माणसांना आपला सण साजरा करण्यासाठी जागा हवी असते. नगराच्या अंगणाने ती त्यांना दिली.

6 डिसेंबर हा दिवस तर फार गंभीर. 1956 साली त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. मैदानाजवळच समुद्रकाठी चैत्यभूमी आहे. दरवर्षी तेथे अभिवादनासाठी लक्षावधी माणसे येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, परप्रांतांतूनही येतात. लांबचा प्रवास करून आलेल्या या पाहुण्यांना शिवाजी पार्कवरच आसरा मिळतो. तेथे त्यांच्यासाठी मांडव घातले जातात. मैदानावर पुस्तकांची दुकाने लागतात. आईवडील आपल्या मुलांना घेऊन त्या दुकानांपुढे उभे असतात आणि परत जाताना कित्येकांच्या पिशवीत नवे पुस्तक असते. ज्या महापुरुषाने जन्मभर ग्रंथांवर प्रेम केले, त्याच्या स्मरणाचा याहून चांगला मार्ग कोणता?

मुलांनो, येथवर वाचून तुम्हांस वाटेल, की या अंगणात सारे कसे गोडीगुलाबीने चालले आहे. पण तसे नाही. जागा एक आणि मागणारे अनेक, म्हटले की तंटा आलाच. ध्वनिक्षेपकांच्या कर्कश आवाजाने शेजारच्या घरांतील वृद्धांची झोप उडू लागली, विद्यार्थ्यांचा अभ्यास होईना. तक्रार न्यायालयात गेली आणि 2010 साली मुंबई उच्च न्यायालयाने या परिसरास शांतता क्षेत्र ठरविले. तेव्हाही वर्षातील मोजक्या दिवसांचा अपवाद ठेवण्यात आला. त्यांत 6 डिसेंबरचा दिवस होता. पुढे शासनाने खेळाव्यतिरिक्त इतर कार्यक्रमांसाठी काही ठरावीक दिवस नेमून दिले. मैदानात अंथरलेली लाल माती वाऱ्याबरोबर उडून घरांत आणि लोकांच्या छातीत जाऊ लागली, तेव्हा पुन्हा तक्रारी झाल्या. माती भिजती ठेवण्यासाठी पावसाचे पाणी जमिनीत साठविण्याची योजना करावी लागली.

अशा तंट्यांत एक बाजू खरी आणि दुसरी खोटी असते, असे सहसा घडत नाही. शांत झोप हवी, हे म्हणणारे वृद्ध बरोबर. वर्षातून एकदा आमचा उत्सव होऊ द्या, हे म्हणणारेही बरोबर. खेळायला मैदान मोकळे हवे, हे म्हणणारी मुले तर बरोबरच. मग मार्ग कोणता? मार्ग तोच, जो घरातल्या अंगणात आपण पाहिला. प्रत्येकाने आपली वेळ घ्यावी आणि वेळ संपताच जागा पुसून, झाडून दुसऱ्यासाठी मोकळी करावी. नगरात माणसे फार म्हणून हा नियम कागदावर लिहावा लागतो. पण नियमाचा आत्मा तोच.

पुष्कळांना मोकळी जागा पाहिली, की ती वाया जात आहे असे वाटते. ‘येथे एखादी इमारत बांधता आली असती,’ असे एक म्हणतो. ‘कोपऱ्यात आमच्या मंडळाची खोली बांधली तर कोणाचे काय बिघडेल?’ असे दुसरा विचारतो. एक खोली बांधल्याने फारसे बिघडत नाही, हे खरे. परंतु तसे विचारणारे शंभर असतात आणि मैदान एकच असते. 28 एकरांचे 29 एकर कधीच होत नाहीत. प्रत्येकाने ‘एवढासाच’ तुकडा मागितला, तर एके दिवशी तुकडे तेवढे उरतील आणि मैदान नाहीसे होईल. ज्या जागेवर पहाटे मल्लखांब, दुपारी क्रिकेट, एके दिवशी दुर्गापूजा आणि एके दिवशी पुस्तकांचा बाजार भरतो, ती जागा हे सारे करू शकते, कारण ती रात्री पुन्हा रिकामी होते. भांडे रिकामे असते म्हणूनच त्यात पाणी भरता येते.

तुमच्या गावी एवढे विशाल मैदान नसेलही. कदाचित चार झाडे, दोन बाके आणि एक मोडका झोपाळा एवढीच तुमची बाग असेल. तरी ती तुमच्या नगराचे अंगणच आहे. तेथे तुम्ही एकांकिका बसवू शकता, गाण्यांचा कार्यक्रम करू शकता, दिवाळीत सर्वांनी मिळून मातीचा किल्ला रचू शकता. फक्त एवढे करा: जाताना मागे वळून पाहा. शेंगांची टरफले, फाटके कागद, तुटलेली फांदी यांपैकी आपले काही मागे राहिले आहे का? राहिले असेल तर ते उचला. उद्या पहाटे तेथे कोणीतरी येणार आहे. तुम्ही त्याला ओळखत नाही, तो तुम्हांस ओळखत नाही. त्याला जागा स्वच्छ आणि मोकळी मिळाली, तर तो तुमचे नाव न घेताही सुखावेल. अनोळखी माणसासाठी केलेली अशी छोटी कृती हाच नागरिकत्वाचा पहिला धडा होय.

अभ्यास

1. मोकळी जागा ही आरोग्याची गरज आहे, हे मुंबईला कोणत्या प्रसंगाने कळले?
2. आचरेकर सर यष्टीवर नाणे का ठेवीत? त्यांच्या या युक्तीविषयी तुमचे मत लिहा.
3. घरातील अंगण आणि नगराचे उद्यान यांत लेखकाने कोणते साम्य दाखविले आहे?
4. ‘भांडे रिकामे असते म्हणूनच त्यात पाणी भरता येते,’ हे वाक्य लेखकाने कशाच्या संदर्भात लिहिले आहे? स्पष्ट करा.
5. पुढील शब्दांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : देवघेव, विस्तीर्ण, अलिखित, अभिवादन, विसावा.
6. तुमच्या गावातील बागेत किंवा मैदानात एका दिवसात कोण कोण येते, याचे निरीक्षण करा. तेथे दोन गटांत जागेवरून तंटा झाला, तर तुम्ही तो कसा मिटवाल, हे दहा-बारा ओळींत लिहा.