दिवा जरा उशिरा लावा

दर शनिवारी रात्री घरातल्या सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा, असं आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी ठरलं. ठरवणारी मीच. थोरला तेव्हा सहावीत होता, धाकटी दुसरीत. पहिल्या शनिवारी ‘एलिझाबेथ एकादशी’ लावला. शेवटची नावं पडद्यावर यायला लागली न लागली तोच मी उठून दिवा लावला आणि विचारलं, ‘‘हं, मग काय शिकलात यातून?’’

थोरला म्हणाला, ‘‘भारी होता,’’ आणि उशी उचलून झोपायला गेला. धाकटीने मात्र शहाण्या मुलीसारखं उत्तर दिलं, ‘‘प्रामाणिकपणा.’’

आता तुम्हीच सांगा, त्या सिनेमात कुठला आलाय प्रामाणिकपणा? ज्ञानेश आणि मुक्ता आईला पत्ता लागू न देता पंढरपुरात कार्तिकीच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात. वडिलांनी बनवलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून पोरांनी केलेली ती लपवाछपवी आहे, आणि सगळी गंमत त्या लपवाछपवीतच आहे. माझ्या लेकीला ती कळलीही होती, कारण बांगड्या विकण्याच्या प्रसंगांना ती खिदळत होती. पण आईने ‘काय शिकलात’ म्हटलं की मूल्यशिक्षणाच्या तासाला चालतं ते उत्तर द्यायचं, एवढं तिला सातव्या वर्षीच पाठ झालेलं होतं. तिने मला हवं ते दिलं. सिनेमाबद्दल तिला काय वाटलं ते तिच्याजवळच राहिलं.

त्याच आठवड्यात मी सासूबाईंकडे, म्हणजे मुलांच्या आजीकडे, जरा नीट लक्ष दिलं. संध्याकाळी सातची मालिका लागली की त्या गवार मोडायला बसतात आणि थेट पडद्याशी बोलायला लागतात. ‘‘अगं बये, आधी दाराला कडी घाल. ती मेली बाहेर कान लावून उभी आहे!’’ थोरला अभ्यासाच्या टेबलावरून ओरडला, ‘‘आजी, ती रोज दाराआडून ऐकते. एकदा तरी कोणाला तिची सावली दिसायला नको का?’’ आजी म्हणाल्या, ‘‘दिसली तर मालिका संपेल ना रे.’’ मग धाकटी मध्ये पडली. तिचं म्हणणं, ती खलनायिकाच घरात एकटी खरं बोलते, बाकीचे सगळे मनात एक ठेवतात आणि तोंडावर गोड बोलतात. आजींना हे अजिबात पटलं नाही. गवार बाजूला राहिली आणि तिघांची चांगली वीस मिनिटं जुंपली. खरं बोलणारं माणूस वाईट असू शकतं का, यावर माझी दुसरीतली मुलगी आजीशी वाद घालत होती. मी स्वयंपाकघरात कणीक मळत ऐकत होते.

आजींनी मुलांना एकही प्रश्न विचारला नव्हता. स्वतःचं मत त्यांनी ठोकून दिलं होतं, आणि तेही एकांगी, चढ्या आवाजात. मुलं ते खोडायला धावली.

तुमच्याशी बोलायचंय ते एवढंच. मुलांना मत विचारण्याआधी आपलं सांगा. खरं सांगा, अर्धं-कच्चं असलं तरी चालेल. आपण प्रश्न विचारला की त्याला परीक्षेचा वास येतो. आपलं उत्तर बरोबर की चूक, हे मूल आपल्या चेहऱ्यावर शोधत बसतं. आपण मत मांडलं की परीक्षा आपली होते, आणि आईला चुकीचं ठरवण्याची संधी मिळाली तर कुठलं मूल सोडेल?

‘किल्ला’ आम्ही गेल्या पावसाळ्यात पाहिला. वडील गेलेत, आईची बदली झालीय, आणि अकरा वर्षांचा चिन्मय पुणं सोडून कोकणातल्या एका गावात येऊन पडलाय. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. 2014 साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला ‘क्रिस्टल बेअर’ मिळालं, आणि ते देणारं परीक्षक मंडळ मुलांचं होतं. लहान मुलांसाठीच्या त्या विभागात मुलंच सिनेमे बघतात, आपसात भांडतात आणि बक्षीस ठरवतात. हे ऐकून थोरल्याने विचारलं, ‘‘त्यांना बघायचे पैसे देतात?’’

सिनेमा संपला. मी जिभेवर ताबा ठेवून बसले. थोरल्याने निकाल दिला, ‘‘स्लो आहे. दीडच्या स्पीडने लावायला पाहिजे होता.’’ मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मला तो फार आवडला होता. त्यातला पाऊस, समुद्र, ती ओली माती. पण मनात एक खटकलंही होतं, ते बोलून टाकलं. ‘‘मला ती आई जरा कोरडीच वाटली. पोरगा समोर घुसमटतोय, आणि हिचं लक्षच नाही.’’

‘‘कोरडी नाहीये ती,’’ थोरला एकदम म्हणाला. ‘‘तिला ऑफिसात त्रास होतोय आणि सांगायला कोणीच नाहीये. त्याला सांगितलं तर त्याला टेन्शन येईल म्हणून सांगत नाही.’’

मी गप्प झाले. दीडच्या स्पीडने बघायला निघालेल्या मुलाला एवढं दिसलं होतं. मी नोकरी करते. संध्याकाळी घरी आल्यावर मी काय सांगते आणि काय गिळते, हे तो बघत असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आता माझी चूक सांगते. तीन दिवसांनी मी डबे भरत होते. बुटाची नाडी बांधता बांधता तो म्हणाला, ‘‘त्या मुलांनी चिन्मयला किल्ल्यावर एकट्याला सोडून जायला नको होतं.’’ माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. मी लगेच वळून विचारलं, ‘‘का रे? तुझ्याशी कोणी असं वागलं का? शाळेत काही झालंय का?’’ त्याने दप्तर उचललं. ‘‘काही नाही. सिनेमाचं बोलतोय मी.’’ आणि गेला. त्याच्या मनात काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. कदाचित काहीच नसेल. माणसं कधी कधी सिनेमाबद्दल बोलतात तेव्हा खरंच सिनेमाबद्दलच बोलत असतात. पण असलंच काही, तर चिन्मयच्या नावाचं पांघरूण घेऊन ते माझ्यापर्यंत आलं होतं, आणि मी ते पांघरूण ओढून काढलं. ‘‘मलाही त्या पोरांचा राग आला,’’ एवढं म्हणून मी पोळीला तूप लावत राहिले असते, तर शाळेची व्हॅन यायला अजून चार मिनिटं होती.

(मूल जेवत नसेल, झोपत नसेल, शाळेत जायला नाही म्हणत असेल, तर सरळ जवळ घेऊन विचारा. तिथे सिनेमाची वाट बघत बसू नका.)

मत सांगायचं म्हणजे आपलं खरं सांगायचं, हे आम्हा मोठ्यांनाही जड जातं. ‘श्वास’ बघताना माझा नवरा रडला. आजोबा नातवाला डोळ्यांच्या ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातून बाहेर घेऊन जातात, का तर दृष्टी जायच्या आत त्याने जग डोळे भरून बघावं म्हणून. त्या प्रसंगाला कोण रडणार नाही? धाकटीने विचारलं, ‘‘बाबा, तू रडतोयस?’’ तर म्हणे, ‘‘डोळ्यात काहीतरी गेलंय.’’ डोळ्यांच्याच सिनेमात! यावर आजी हसल्या, आणि पुढचा आठवडाभर आमच्याकडे कोणाच्याही डोळ्यात काहीतरी जात होतं. थट्टा झाली, ठीक आहे. पण बापाला नेमकं कशाने रडू आलं, ते पोरांना कळलं असतं तर बरं झालं असतं.

सगळ्यात कठीण वेळ येते ती मुलाचं मत आपल्या पोटात गोळा आणतं तेव्हा. मध्यंतरी एका गाजलेल्या हिंदी सिनेमातल्या नायकावर थोरला फिदा होता. तो नायक सिगारेट फुंकतो, माणसं तोडतो आणि जिच्यावर प्रेम करतो तिच्यावरही हात उगारतो. सिनेमा घरी कोणी लावला नव्हता. पोरांनी तुकड्यातुकड्यांनी मोबाइलवर पाहिलेला. ‘‘काय कडक आहे ना तो!’’ असं तो ताटावर म्हणाला मात्र, बाप कडाडला. असल्या घाणीबद्दल या घरात बोलायचं नाही. बोलणं थांबलं. तुकडे बघणं थांबलं नाही. फक्त आता तो कानात बोंडं घालून बघायला लागला. महिनाभराने कधीतरी नवराच म्हणाला, ‘‘त्याची एंट्री मलाही आवडली रे. पण तो तिच्या अंगावर धावून गेला ना, तेव्हा मला कसंतरीच झालं.’’ थोरला बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘तो सीन मी पुढे ढकलतो.’’ बस, एवढंच. पण त्यालाही तिथे टोचत होतं, हे कळायला बापाला आधी ‘मलाही आवडली’ म्हणावं लागलं.

2025 च्या मार्चमध्ये ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही ब्रिटिश मालिका आली. चार भाग, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केलेला. तेरा वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप आहे. ब्रिटनमध्ये माध्यमिक शाळांना ती फुकट दाखवता येईल अशी सोय केली गेली. इकडे आमच्या पालकांच्या ग्रुपवर धावपळ उडाली: मोबाइल काढून घ्या, पासवर्ड बदला. मी ती एकटीने पाहिली. तेरा वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून बघायचा माझा धीर झाला नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

दुसऱ्या भागातला एक प्रसंग मात्र मी रात्री जेवताना सांगितला. तपासासाठी पोलीस अधिकारी शाळेत येतो. त्याचा स्वतःचा मुलगा त्याच शाळेत शिकतो. मुलांच्या संदेशांतली चित्रं बापाला नुसती चित्रं वाटतायत, त्यांचा अर्थच त्याला लागत नाहीये, हे पोराला बघवत नाही. तो बापाला बाजूला घेऊन एकेका इमोजीचा खरा अर्थ समजावून सांगतो. मी म्हटलं, ‘‘मलाही त्यातलं काही कळलं नव्हतं हो. मी आपली हृदयं बघून खूश होत होते.’’ थोरल्याने एकदा आजीकडे बघितलं, मग मला आत बोलावून त्यांच्या वर्गात चालणाऱ्या तीन इमोजींचे अर्थ सांगितले. त्यातले दोन मी इथे लिहू शकत नाही. तिसरा ‘तू म्हातारा झालास’ असा आहे आणि तो मी त्याला आनंदाने पाठवत असे.

निवड करताना थोडं बघून घ्या, हे सांगायलाच हवं. ‘यूए’ची पाटी आता सरसकट एक नाही. 2023 साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून तिचे 7, 13 आणि 16 अशा वयांप्रमाणे प्रकार झालेत, आणि ओटीटीवरही वयाची खूण असते. पण पाटीला आपलं घर माहीत नसतं. ‘नाळ’ हा सिनेमा निरागस आहे, कोवळा आहे. मात्र चैत्याला आपण दत्तक आहोत हे त्यात कोणाच्या तरी बोलण्यातून अचानक कळतं. तुमच्या घरात किंवा शेजारच्या बाकावर दत्तक मूल असेल, तर आधी स्वतः एकदा पाहून घ्या आणि मग लावा.

राहता राहिला दिवा. ‘फँड्री’ आम्ही थोरल्याबरोबर पाहिला, धाकटी झोपल्यावर. जब्याचं कुटुंब डुकरामागे धावतंय, डुक्कर हाताशी आलंय, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. तिथे थोरला हसला, आणि मध्येच थांबला. शेवटी जब्याचा दगड आपल्याच अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. माझा हात सवयीने बटणाकडे गेला. आजींनी नुसती मान हलवून ‘बस’ म्हटलं. आम्ही अंधारात बसून राहिलो. दोन मिनिटं असतील, मला फार वाटली. मग अंधारातूनच थोरला म्हणाला, ‘‘ते डुक्कर पळून गेलं तेव्हा मी हसलो. मला हसायला यायला नको होतं ना?’’

मी म्हटलं, ‘‘मीही हसले होते.’’ आणि ते खरं होतं.

त्या सिनेमाबद्दल मी बरंच वाचलंय, पण त्याच्या या एका वाक्याइतकं मला त्यातलं काहीच लक्षात राहिलेलं नाही. दिवा लावला असता तर त्याने ते म्हटलं नसतं. चेहरे दिसत नसले की तेरा वर्षांच्या मुलांना बोलायला सोपं जातं. गाडीत मागच्या सीटवरूनही म्हणूनच ती जास्त बोलतात.

या शनिवारी निवडायची पाळी धाकटीची आहे. तिने ‘नाळ’ काढलाय. मी आधी पाहून घेतलाय. थोरल्याने ‘बोअर असणार’ म्हणून सांगून टाकलंय. आणि सिनेमाचं एक दृश्यही न पाहता आजींनी जाहीर केलंय, की त्या पोराच्या बापाचं वागणं त्यांना मुळीच पसंत पडलेलं नाही.