स्वमग्न मूल आणि त्याचे घर

अडीच-तीन वर्षांचे मूल बोलत नसले की घरात सल्ल्यांना सुरुवात होते. वडीलधारी मंडळी म्हणतात, "त्याचा बापही उशिराच बोलला होता, बोलेल हळूहळू." कोणी वेखंड उगाळून जिभेवर लावायला सांगते, तर कोणी जिभेखालची शीर कापून आणायला. यात वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाते. पुष्कळ मुले खरोखरच थोडी उशिरा बोलणारी असतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. परंतु काही मुलांचा प्रश्न जिभेचा नसतोच. दुसऱ्याकडे बघणे, बोट दाखवून मागणे, हाकेला ओ देणे ही देवाणघेवाण इतर मुले आपोआप शिकतात. या मुलांना ती शिकवावी लागते. अशा अवस्थेला स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतात. अशा मुलाला ओळखायचे कसे, आणि त्याला व त्याच्या आईवडिलांना आधार कसा द्यायचा, हे या लेखात पाहू.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता हा वेडाचा प्रकार नव्हे आणि संसर्गाने होणारा आजारही नव्हे. मेंदूची वाढच जन्मापासून थोड्या वेगळ्या रीतीने होते. काही स्वमग्न मुलांना बौद्धिक अक्षमता असते, काहींची बुद्धी सर्वसाधारण असते, तर काही एखाद्या विषयात फार हुशार असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. म्हणजे मध्यम आकाराच्या गावातही अशी दहा-वीस घरे असू शकतात. मुलींपेक्षा मुलांमध्ये याचे निदान अधिक होते.

'स्वमग्न' या शब्दामुळे मूल आपल्याच आनंदात रमले आहे असे वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा ते गोंधळलेले असते. कुकरची शिट्टी, मिरवणुकीतला ढोल किंवा सदऱ्याच्या मानेजवळची चिठ्ठीसुद्धा त्याला असह्य होऊ शकते. कान झाकून ओरडणारे मूल हट्टी नसते, त्याला खरोखरच त्रास होत असतो.

कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यावे?

१) वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून बघत नाही.
२) दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. तुमचा हात धरून डब्यापर्यंत नेते, पण तुमच्या तोंडाकडे बघत नाही.
३) चांदोबा, कुत्रा, मोटार दिसली तर "बघ ना" अशा अर्थाने आपल्याकडे वळत नाही.
४) सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षांपर्यंत "पाणी दे" अशी दोन शब्दांची जोडी नाही.
५) आपण बोललेलेच परत बोलते. "पाणी हवं का?" असे विचारले की तेही "पाणी हवं का?" म्हणते.
६) ताटल्या, चाके फिरवत बसते, वस्तू रांगेत लावते, हात फडफडवते. रोजचा रस्ता बदलला तरी फार अस्वस्थ होते.
७) येत असलेले शब्द किंवा खेळ मध्येच बंद होतात. असे कोणत्याही वयात झाले तरी ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

यातले एखादे लक्षण दिसले म्हणजे मूल स्वमग्न आहे असे समजू नये. परंतु दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर "बोलेल पुढे" म्हणून थांबूही नये. निदानासाठी रक्ताची किंवा फोटोची एखादी खास तपासणी नाही. मुलाचे निरीक्षण आणि पालकांनी दिलेली माहिती यांवरूनच ते केले जाते. त्याआधी कानांची तपासणी अवश्य करून घ्यावी, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला ओ देत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात. जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारण्यात आली आहेत. अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे चौकशी केल्यास पुढची वाट कळते.

आईचा दोष काय?

निदान झाले की घरात पहिला प्रश्न येतो तो कारणाचा, आणि बोट बहुतेक वेळा आईकडेच वळते. ग्रहणात भाजी चिरली, नोकरी सोडली नाही, मुलाशी बोलत नाही, मोबाईल हातात दिला, अशी यादी निघते.

ही चूक मोठमोठ्या तज्ज्ञांनीही केलेली आहे. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून ही अवस्था प्रथम स्पष्टपणे मांडली. पुढे तिकडे असे मत रूढ झाले की आईच्या मायेत ऊब नसल्यामुळे मुले अशी होतात. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने या मताला मोठी प्रसिद्धी दिली, आणि कित्येक आया अपराधी भावनेत जगल्या. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ सालीच या विचाराला विरोध केला होता. १९७७ साली जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती, तर वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांत असे एकदाही आढळले नाही. कारणांत आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे हे त्यावरून दिसले, आणि नंतरच्या संशोधनाने ते पक्के केले. आईचे वागणे हे स्वमग्नतेचे कारण नाही.

लसीचीही अशीच भीती घातली जाते. १९९८ साली इंग्लंडमध्ये बारा मुलांवरून लिहिलेल्या एका लेखाने ती पसरवली. तो लेख २०१० साली मागे घेतला गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यातही गोवराच्या लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध आढळला नाही. तेव्हा धाकट्या भावंडाची लस चुकवू नये. मोबाईलने स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. पण मूल तासन् तास पडद्यापुढे असले की बोलण्याचा, खेळण्याचा वेळ जातो, म्हणून तो टाळावा.

घरी काय करावे?

स्वमग्नता घालवणारे औषध नाही. झोप, चिडचिड किंवा फिट्स यांसाठी डॉक्टर औषध देतात ते वेगळे. वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार यांचा उपयोग होतो. पण तज्ज्ञाकडे मूल आठवड्यातून एक-दोन तास असते, बाकीचा सगळा वेळ ते घरात असते. म्हणून खरे शिक्षण घरात होते.

गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन ते नऊ वर्षांची ६५ स्वमग्न मुले होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी निम्म्या मुलांच्या पालकांना मुलाशी खेळण्याची आणि बोलण्याची पद्धत शिकवली. आठ महिन्यांनी ते पालक मुलाच्या कलाने अधिक वागू लागले आणि मुले आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. मोठे शहर जवळ नसलेल्या पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

ही पद्धत साधी आहे. समजा, मूल ताटली फिरवत बसले आहे. ताटली ओढून घेऊन "ए फॉर ॲपल" शिकवण्याऐवजी आपणही दुसरी ताटली घेऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसावे. त्याने फिरवली की आपण फिरवावी. मग आपली ताटली हातात धरून थांबावे आणि मनात पाचपर्यंत मोजावे. मुलाने नुसते बघितले, हात पुढे केला किंवा आवाज काढला, तरी लगेच "फिरव!" म्हणून ताटली फिरवावी. आपण काही केले की समोरचा माणूस काही करतो, हा संवादाचा पहिला धडा मूल अशा खेळातून शिकते. असे दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा पुरे.

बोलताना वाक्य लहान असावे. "चल बरं, आता पटकन आंघोळ करून घेऊ या, नाहीतर उशीर होईल" याऐवजी "आंघोळ" एवढेच म्हणून टॉवेल दाखवावा. खाऊ देताना दोन वस्तू पुढे धराव्यात आणि त्याला निवडू द्यावे. "पाणी हवं का?" असे तेच म्हणाले तर त्याला पाणीच हवे असते. पाणी देताना "मला पाणी दे" असे त्याच्या वतीने म्हणावे. शब्द येत नसतील तर चित्रे वापरावीत. पेला, ताट, चप्पल यांची चित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीवर लावावीत. चित्रांमुळे मूल बोलायचे राहत नाही, उलट बोलण्याला मदतच होते.

दिवसाचा क्रम शक्यतो ठरलेला असावा. लग्नाला किंवा गावाला जायचे असेल तर आदल्या दिवसापासून सांगावे. गणपतीत, दिवाळीत आवाज होणार असेल तर शांत खोलीची सोय आधीच करून ठेवावी. मूल अनावर झाले असताना मारू नये आणि उपदेशही करू नये. गर्दीतून बाजूला न्यावे, आवाज कमी करावा आणि थांबावे.

एक सावधगिरी अगदी महत्त्वाची आहे. अशी काही मुले न सांगता घराबाहेर पडतात, आणि पुष्कळांना पाण्याची ओढ असते. विहीर, शेततळे, पाण्याची टाकी यांवर झाकण किंवा कुंपण हवेच. मुलाच्या खिशात नाव व फोन नंबर असलेली चिठ्ठी ठेवावी आणि आसपासच्या चार घरांना सांगून ठेवावे.

"पूर्ण बरे करतो" म्हणून स्टेम सेलची इंजेक्शने विकणाऱ्यांपासून दूर राहावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचनांनी रक्ताच्या काही विकारांखेरीज स्टेम सेलचा वापर उपचार म्हणून मान्य केलेला नाही. अंगाऱ्याने मनाला धीर येत असेल तर लावावा, पण त्यासाठी उपचार थांबवू नयेत आणि शेत विकू नये.

आईवडिलांना कोण सांभाळणार?

मुलाचा उपचार जर घरातच होणार असेल, तर घरातल्या माणसांना जपणे हा उपचाराचाच भाग आहे. स्वमग्न मुलांना झोपेचा त्रास पुष्कळदा असतो, म्हणजे आईचीही झोप मोडते. ती लग्नकार्याला जायचे टाळते, मग शेजारणीही बोलावणे बंद करतात. अशी थकलेली, एकटी पडलेली बाई मुलासमोर बसून ताटली कशी फिरवणार?

म्हणून घरात कामाची वाटणी करावी. वडिलांनी रोजची एक गोष्ट, उदाहरणार्थ संध्याकाळचे फिरणे किंवा रात्रीचे जेवण, पूर्णपणे स्वतःकडे घ्यावी. आजीआजोबांनी आठवड्यातून एक दुपार मूल सांभाळावे आणि त्या वेळात आईने झोपावे किंवा मैत्रिणीकडे जावे. त्याबद्दल तिला कोणी बोलू नये. इतर भावंडांनाही आईवडिलांचा वेगळा वेळ मिळायला हवा. आई सतत रडत असेल, जेवणावरची वासना उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असे म्हणत असेल, तर तिलाही डॉक्टरांची गरज आहे. 'टेलि-मानस' ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६ आहे.

शेजाऱ्यांनीही थोडे करावे. "अजून बोलत नाही का?" असे दर भेटीत विचारू नये. वाढदिवसाला त्या मुलाला बोलवावे, हळदीकुंकवाला त्याच्या आईला बोलवावे, आणि मूल कान झाकून बसले तर बसू द्यावे.

शाळा आणि हक्क

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. केवळ स्वमग्न आहे म्हणून शाळेने मुलाला नाकारू नये. शिक्षकांनी त्याला पहिल्या बाकावर, खिडकी-दरवाजापासून दूर बसवावे आणि एका वेळी एकच सूचना द्यावी. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. त्यासाठी दाखला वेळेवर काढावा.

१९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्वाचा दाखला घेता येतो. "आमच्यामागे याचे कसे होईल?" हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांना छळतो. त्याची तयारी मात्र लहानपणीच सुरू होते. शर्टाची बटणे लावणे, ताट उचलून ठेवणे, भूक लागली हे चित्राने का होईना सांगणे, यांतले जे जे मूल शिकेल तेवढी ती काळजी हलकी होते.

तेव्हा पालकहो, शंका आली तर या आठवड्यातच मुलाला दाखवा. निदान झाले असेल तर आजच त्याच्यासमोर जमिनीवर बसा आणि ते काय करते आहे ते आधी नीट बघा. आणि ज्यांच्या घरी असे मूल नाही, त्यांनी शेजारच्या आईला एखादी दुपार मोकळी करून द्यावी.