साठविलेली कार्यपद्धती : नाव, मालकी आणि अधिकार

महाराष्ट्रातील एखादा शेतकरी निधन पावतो, तेव्हा त्याच्या वारसांना सातबारावर आपली नावे लावून घ्यावी लागतात. जमीन त्यांचीच असते. तरीही गावच्या दप्तरात त्यांना स्वहस्ते एक अक्षरही लिहिता येत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने यासाठी एक रीत घालून दिली आहे. वारसांनी वर्दी द्यावयाची, तलाठ्याने ती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, उतरवावयाची, हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची, हरकत असल्यास तिची चौकशी व्हावयाची, आणि मंडळ अधिकारी किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यानंतरच ती अधिकार अभिलेखात जावयाची. नोंद लिहिणारा एक आणि ती प्रमाणित करणारा दुसरा. पीककर्ज, विक्री, वाटणी हे सारे त्या एका नोंदीवर अवलंबून असल्यामुळे ही काळजी घेतलेली आहे.

संगणकाच्या माहितीसाठ्यात, म्हणजे डेटाबेसमध्ये, हेच कार्य ‘स्टोअर्ड प्रोसीजर’ करते. ही डेटाबेसमध्येच साठवून ठेवलेली, नाव दिलेली आज्ञांची मालिका होय. वापरकर्त्याने तक्त्याला थेट हात न लावता या कार्यपद्धतीला हाक मारावयाची. तपासणी, नोंद आणि बदल ती ठरल्या क्रमाने करते. परंतु अशा कार्यपद्धती तयार करताना नवशिक्याला, आणि पुष्कळदा अनुभवी माणसालाही, चमत्कारिक अडचणी येतात. समोर असलेला तक्ता ‘अस्तित्वात नाही’ असे यंत्र सांगते. काल चालत असलेली कार्यपद्धती आज नकार देते. या अडचणींच्या मुळाशी बहुधा तीनच गोष्टी असतात : नाव, मालकी आणि अधिकार.

नावाचा प्रश्न

‘महानगर’ हा शब्द ऐकल्यावर मुंबईकराच्या मनात मोठे शहर उभे राहते. लखनौमध्ये मात्र गोमती नदीच्या उत्तरेकडील एका वस्तीचे नावच महानगर आहे. तेथे कोणी ‘मी महानगरात राहतो’ म्हटले तर तो आपला पत्ता सांगत असतो. चित्रपटरसिकाला याच शब्दाने सत्यजित राय यांचा १९६३ सालचा चित्रपट आठवेल. शब्द एकच, अर्थ कोणता घ्यावयाचा हे ऐकणारा प्रथम कोठे शोधतो यावर ठरते. म्हणूनच आपल्या दस्तऐवजांत नुसते ‘वडगाव’ असे कधी लिहीत नाहीत. मौजे, तालुका, जिल्हा असा पूर्ण उल्लेख असतो.

डेटाबेसमधील तालुक्याला ‘स्कीमा’ म्हणतात. एकाच डेटाबेसमध्ये अनेक स्कीमा असू शकतात, आणि ‘खाते’ नावाचा तक्ता प्रत्येकात निराळा असू शकतो. वापरकर्त्याने नुसते ‘खाते’ म्हटले, तर यंत्र ठरलेल्या क्रमाने शोध घेते. पोस्टग्रेस या प्रणालीत हा क्रम ‘सर्च पाथ’ या यादीत दिलेला असतो. मूळ मांडणीत प्रथम वापरकर्त्याच्या नावाची स्कीमा आणि नंतर ‘पब्लिक’ ही स्कीमा पाहिली जाते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये वापरकर्त्याला नेमून दिलेली स्कीमा आधी आणि ‘डीबीओ’ नंतर, असा क्रम असतो. तक्ता तिसऱ्याच स्कीमात असेल तर तो सापडत नाही, आणि यंत्र तो नाहीच असे सांगून मोकळे होते.

याहून फसवा प्रकार असा की कार्यपद्धती विनातक्रार तयार होते आणि चालविताना मात्र अडते. एसक्यूएल सर्व्हर आज्ञेत उल्लेखिलेला तक्ता अद्याप नसला तरी कार्यपद्धती स्वीकारते. त्याचा शोध ती प्रत्यक्ष चालते तेव्हा घेतला जातो. त्यामुळे ‘तयार झाली’ याचा अर्थ ‘बरोबर आहे’ असा होत नाही. यावर उपाय साधा आहे. कार्यपद्धतीचे आणि तिच्यातील प्रत्येक तक्त्याचे नाव स्कीमासह लिहावे.

न दिसणारे तक्ते

अनेक कार्यालयांत कार्यपद्धती हाताने न लिहिता त्या रचून देणारे साधन वापरतात. असे साधन डेटाबेसची सूची वाचते, प्रत्येक तक्त्याचे स्तंभ व प्राथमिक कळ पाहते आणि भरणे, वाचणे, बदलणे व वगळणे अशा चार कार्यपद्धती लिहून देते. तक्त्याला प्राथमिक कळच नसेल तर बदल नेमक्या कोणत्या ओळीत करावयाचा हे त्याला कळत नाही. गट क्रमांक नसलेल्या जमिनीची नोंद शोधण्यासारखेच ते आहे. कार्यपद्धती रचून झाल्यानंतर तक्त्यात स्तंभ वाढविला वा काढला, तर जुनी कार्यपद्धती जुन्याच रचनेला धरून राहते. ती पुन्हा रचावी लागते.

काही वेळा मात्र साधनाला तक्त्यांची यादी रिकामीच दिसते. येथे घाईने ‘डेटाबेस रिकामा आहे’ असा निष्कर्ष काढू नये. सूचीसुद्धा सर्वांना सारखी दिसत नाही. २००५ च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हर वापरकर्त्याला त्याच्या मालकीच्या अथवा काही अधिकार असलेल्या वस्तूच सूचीत दाखवितो. पोस्टग्रेसमधील ‘इन्फर्मेशन स्कीमा’ची रीतही अशीच आहे. ज्याला तक्त्यावर कोणताच अधिकार नाही, त्याच्यापुरता तो तक्ता नसतोच. हा दोष रचनेचा नसून परवानगीचा असतो.

रचण्याचा अधिकार आणि चालविण्याचा अधिकार

कार्यपद्धती रचणे आणि ती चालविणे ही दोन वेगळी कामे असून त्यांचे अधिकारही वेगळे असतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रचण्यासाठीच दोन परवानग्या लागतात : डेटाबेसमध्ये कार्यपद्धती निर्माण करण्याची, आणि ज्या स्कीमात ती ठेवावयाची त्या स्कीमात बदल करण्याची. पहिली देऊन दुसरी विसरणे ही नेहमीची चूक आहे. पोस्टग्रेसच्या २०२२ मध्ये आलेल्या पंधराव्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेसमधील ‘पब्लिक’ स्कीमात वाटेल त्याला वस्तू निर्माण करता येत नाही. पूर्वीच्या सवयीने काम करणाऱ्यांना हा नकार प्रथम अनाकलनीय वाटतो.

आता चालविण्याचा प्रश्न. कार्यपद्धती चालते ती कोणाच्या अधिकाराने? रचणाऱ्याच्या की हाक मारणाऱ्याच्या? येथे प्रणालींत एकवाक्यता नाही. ओरॅकल आणि मायएसक्यूएल वेगळे सांगितले नसल्यास रचणाऱ्याचा अधिकार धरतात. पोस्टग्रेस हाक मारणाऱ्याचा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कार्यपद्धती आणि तक्ता यांचा मालक एकच असेल तर तक्त्यावरील परवानगी पुन्हा तपासली जात नाही. कार्यपद्धती चालविण्याची परवानगी पुरेशी ठरते. मालक वेगळे असले की ही साखळी तुटते. आज्ञा आयत्या वेळी अक्षरे जुळवून बनविलेली असेल तरीही ती तुटते, आणि हाक मारणाऱ्याच्या नावाने तपासणी सुरू होते.

ओरॅकलमधील एक अडचण विशेष बोधप्रद आहे. वापरकर्ता तक्ता वाचण्याची आज्ञा स्वतः देतो तेव्हा ती चालते. तीच आज्ञा कार्यपद्धतीत घालताच ‘तक्ता अस्तित्वात नाही’ असे उत्तर येते. कारण असे की त्याला तो अधिकार एखाद्या ‘रोल’मार्फत, म्हणजे पदामुळे, मिळालेला असतो, आणि रचणाऱ्याच्या अधिकाराने चालणाऱ्या कार्यपद्धतीत रोलमार्फत आलेले अधिकार धरले जात नाहीत. तो अधिकार त्या वापरकर्त्याला नावाने, थेट द्यावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये रचणाऱ्याचे खातेच कोणी पुसून टाकले, तर त्याच्या नावावर चालणारी कार्यपद्धती दुसऱ्या दिवशी बंद पडते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते काढण्यापूर्वी त्याच्या नावावर काय काय चालते, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

काल चालणारी कार्यपद्धती आज का अडली, याचे आणखी एक कारण ती पुन्हा रचण्याच्या रीतीत असते. जुनी कार्यपद्धती मोडून त्याच नावाची नवी केली, तर जुनीवर दिलेल्या परवानग्या तिच्याबरोबरच जातात. न मोडता तिच्यातच बदल केला, तर त्या टिकतात.

मालकी देणे हा तोडगा नव्हे

अडचण आली, काम खोळंबले, वरिष्ठांचा तगादा सुरू झाला, की एक सोपा मार्ग सुचतो : संबंधित खात्याला संपूर्ण मालकी द्यावी. तसे करताच सारे नकार थांबतात. पण त्याबरोबर सारी तपासणीही थांबते. वारसाची नोंद अडली म्हणून कारकुनाला थेट अधिकार अभिलेखात खाडाखोड करू द्यावी, तसे ते होते. त्या दिवशी वारसाचे काम होईल. उद्या त्याच लेखणीने त्याचे नाव गेले, तर कोणती रीत मोडली हे सांगता येणार नाही, कारण रीतच उरलेली नसेल.

या शास्त्राच्या प्रवर्तकांनी हा धोका आरंभीच ओळखला होता. आयबीएम कंपनीच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडण्याची उपपत्ती प्रसिद्ध केली. पुढे त्याच कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ ही प्रणाली घडली, आणि १९७६ मध्ये पॅट्रिशिया ग्रिफिथ्स व ब्रॅडफर्ड वेड यांनी तिच्यातील अधिकार देण्याची व काढून घेण्याची पद्धत मांडली. एकाने दुसऱ्याला व दुसऱ्याने तिसऱ्याला दिलेला अधिकार, मूळ अधिकार काढताच, अन्य आधार नसल्यास, शेवटपर्यंत रद्द व्हावा, हा तिचा गाभा होता. त्याआधी एकच वर्ष, १९७५ मध्ये, जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी सुरक्षिततेची तत्त्वे सांगताना कामापुरताच अधिकार द्यावा, अधिक देऊ नये, या तत्त्वाला स्थान दिले होते.

तेव्हा अडचण आल्यास क्रमाने चार प्रश्न विचारावेत. आपण या घटकेला कोणत्या खात्याने आत आलो आहोत? कोणत्या डेटाबेसमध्ये आणि कोणत्या स्कीमात उभे आहोत? हव्या असलेल्या वस्तूचे पूर्ण नाव काय आणि तिचा मालक कोण? आणि नेमका कोणता अधिकार, कोणाच्या नावे, थेट की रोलमार्फत तपासला जात आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे यंत्रालाच विचारावीत, स्मरणावर विसंबू नये. आपण एका खात्याने आत आहोत असे समजावे आणि साधन दुसऱ्याच खात्याने जोडलेले असावे, असे वारंवार घडते. चारही उत्तरे कागदावर मांडली की उणीव बहुधा आपोआप दिसते. मग जेवढे उणे आहे तेवढेच द्यावे आणि ते कोणाला व का दिले याची नोंद ठेवावी. ज्याच्या नावाची ओळ त्या तक्त्यात आहे, तो माणूस हे काम कधीच पाहणार नाही. परंतु त्याची ओळ जागच्या जागी राहते ती या काळजीमुळेच.